बिनचिठ्ठीचं वाक्य

तळोज्याच्या एका कंपनीने माझ्या मेहुण्याला फसवलं, मला फसवलं आणि दोन्हीचं खापर माझ्या भाडेकरूच्या डोक्यावर फोडलं. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण भाडेकरूचीच शिकवण होती की जे सगळ्यांनी वाचायला हवं ते वर ठेवावं. शेवटच्या पानापर्यंत कोण जातो?

या भाडेकरूला मी मास्तर म्हणायचो. ते चिडायचे. "शेठ, मी मास्तर नाही. मास्तर सगळ्या वर्गाला एकच सांगतो. मी तसं केलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसेन." पुढे ते घरी बसले ते अगदी असंच करून. पण ते नंतर.

पनवेलच्या बाजारामागे माझी दुमजली इमारत आहे. आमचं घराणं मिठागरावरचं. बापाने उन्हात मीठ ओढलं, मी जासईच्या कंटेनर यार्डात हातगाडी ओढली, मग एक जुनी फोर्कलिफ्ट भाड्याने चालवली, मग स्वतःची घेतली. मला कोणी काही दिलेलं नाही. जे घेतलं ते भाव करून घेतलं. म्हणून वरची खोली बघायला आलेल्या या माणसाने भाडं ऐकून नुसती मान हलवली, तेव्हा मला पहिल्यांदा संशय आला. भाव न करणारा माणूस एकतर भोळा असतो नाहीतर पळून जाणारा.

मी विचारलं, "नोकरी कुठे करता?"

ते म्हणाले, "हे कोणासाठी विचारताय?"

माझं डोकं तापलं. "कोणासाठी म्हणजे? घर माझं आहे."

"घरमालक म्हणून विचारत असाल तर, पगार वेळेवर होतो. शेजारी म्हणून विचारत असाल तर, रेडिओ ऐकत नाही, पाहुणे येत नाहीत. पोलिसात द्यायला विचारत असाल तर कागद आणलेत. आणि नुसतीच उत्सुकता असेल तर आधी चहा मागवा, सांगायला वेळ लागेल."

चहा आईने केला. त्या दिवशी मला त्यांचं काम समजलं. कंपनी माल उचलायची यंत्रं बनवायची आणि हे त्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायचे. पण पुस्तकं वेगवेगळी लिहायचे नाहीत. कॉम्प्युटरमध्ये एकच मोठा मजकूर. त्यातल्या एकेका वाक्याला चिठ्ठी लावलेली: हे चालकासाठी, हे मेकॅनिकसाठी, हे देशी गिऱ्हाइकासाठी, हे निर्यातीसाठी. कंपनीत त्याला टॅग म्हणायचे, हे चिठ्ठीच म्हणायचे. मग बटण दाबायचं. चालकाची चिठ्ठी लावली की बारीकसं चित्रांचं पुस्तक निघायचं, मेकॅनिकची लावली की जाडजूड ग्रंथ. त्याच मजकुरातून सीडी, त्याच मजकुरातून यंत्रावर चिकटवायच्या पट्ट्या. ज्याला जे नको ते आपोआप मागे राहायचं.

"आणि ज्या वाक्याला चिठ्ठीच नाही ते?" मी विचारलं. मला नेहमी राहिलेल्या मालाची काळजी असते.

माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. "ते सगळ्यांना जातं. शेठ, तुम्ही यात पडला असतात तर बरे निघाला असतात. जिवावरचं वाक्य नेहमी बिनचिठ्ठीचं. ते कुठल्याच गाळणीत अडकत नाही."

आई कपबशा उचलत होती. म्हणाली, "म्हंजे यो मानूस गालनी हाय." आमच्याकडे ळ चा ल होतो. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव गालनी पडलं, आणि मास्तर म्हटलेलं न आवडणाऱ्या या माणसाला ते नाव मात्र आवडलं.

त्यांची ही सवय कचेरीपुरती नव्हती. लग्न झालेलं नव्हतं. का नाही, ते आईने एकदा त्यांच्याकडूनच काढून घेतलं. मुलगी बघायला गेले होते, मुलीच्या काकाने विचारलं, स्वभाव कसा आहे तुमचा? यांनी विचारलं, "मुलीसाठी सांगू की तुमच्यासाठी?" चहा-पोहे तिथेच संपले. आई हसून म्हणाली, "दोगांना येकच सांगायचं होतं, बाबा." ते गंभीरपणे म्हणाले, "दोघांना एकच सांगितलं असतं तर मुलीला खोटं आणि काकांना जास्त झालं असतं."

इमारतीच्या पाण्याच्या पंपावरून भाडेकरूंची रोज भांडणं. कोणी पंप चालू ठेवून निघून जायचा, टाकी वाहायची, मोटर जळायची. मी मास्तरांना म्हटलं, एक पाटी लिहून द्या. त्यांनी आठवडा लावला. कोण कोण पंपाला हात लावतं हे जिन्यात उभं राहून बघितलं. मग एक लांबलचक कागद केला, त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या शाया. त्यातून तीन पाट्या निघाल्या. खाली भाडेकरूंसाठी: बटण कधी दाबायचं, कधी बंद करायचं. मीटरच्या पेटीच्या आत इलेक्ट्रिशियनसाठी: कुठली वायर कुठे. आणि दारावर बाहेरच्यांसाठी एकच ओळ: पंपाला हात लावू नये. पण एक वाक्य तिन्ही पाट्यांवर होतं, सगळ्यात वर. ओल्या हाताने बटण दाबू नका, शॉक बसतो.

मी म्हटलं, "मास्तर, बाहेरच्याला हातच लावायचा नाही म्हणून सांगितलंय, तर ओल्या हाताचं त्याला कशाला?"

"कारण तो लावणार," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं कोण ऐकतो, शेठ?"

आईला साखरेचा आजार निघाला तेव्हा गोळ्यांचा कागदही त्यांनीच केला. बायकोसाठी वेगळा, डॉक्टरला दाखवायला वेगळा. आई म्हणाली, "मना वाचता येत नाय. मना काय देशील?" तिच्यासाठी त्यांनी डब्यावर चित्रं चिकटवली: उगवता सूर्य, ताट, चंद्र. आणि तिन्ही ठिकाणी गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे होतंच. आईच्या डब्यावर रिकाम्या ताटावर तांबडी फुली होती. आई शेवटपर्यंत त्या फुलीला घाबरायची आणि वेळेवर जेवायची.

एकदा चहा पिताना मी त्यांना चिडवलं, की तुमचा धंदा म्हणजे गाळायचा धंदा. त्यांनी कप खाली ठेवला.

"आपल्या भाषेत गाळणं हा शब्द फार फसवा आहे, शेठ. चहा गाळतात आणि यादीतून नावही गाळतात. चहा गाळला की नको ते मागे राहतं. नाव गाळलं की माणूस मागे राहतो. मी पहिलं करतो. दुसरं करणारे माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बसतात."

मला ते तेव्हा बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं.

शेजारच्या केबिनमध्ये विक्रीचे साहेब बसत. त्यांच्याकडून मी नवीन फोर्कलिफ्ट घेतली. मास्तरांची ओळख मी सांगितली नाही, ओळखीने घेतलेल्या मालात भाव करता येत नाही. आणि भाव मी असा केला की साहेबांचा चहा गार झाला. दोनदा उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्यांनी परत बोलावलं. शेवटी ते हसत म्हणाले, "शेठ, तुम्ही आमचे कपडे काढलेत." मला ते कौतुक वाटलं. यंत्राबरोबर चालकाचं मराठी पुस्तक मिळालं. चांगलं पुस्तक होतं. चित्रं स्वच्छ, वाक्यं छोटी. मी ते मेहुण्याला दिलं आणि म्हटलं, "हरेश, हे आपल्या गालनीने लिहिलेलं आहे. पाठ कर."

हरेशने खरोखर वाचलं. आमच्या यार्डात पुस्तक वाचून यंत्र चालवणारा तो एकटाच. बाकीचे त्याला हसायचे, "हरेशदादा, परीक्षा कदी हाय?" तो म्हणायचा, "तुमी नापास झाल्यावर."

त्या यंत्राची एक खोड होती. पुढचे लोखंडी काटे माल घेऊन वर असताना इंजिन बंद केलं आणि आतलं तेल तापलेलं असलं, तर काटे थोडा वेळ धरून राहायचे आणि मग एकदम खाली यायचे. आता यार्डात थांबलं की इंजिन बंद करायचं, डिझेल जाळायचं नाही, हा माझा हुकूम होता. प्रत्येक मालकाचा असतो. हरेशने माल वर ठेवून इंजिन बंद केलं, खाली सरकलेली लाकडी पाचर पायाने सारायला गेला, आणि काटे आले. उजव्या पायाचा पुढचा भाग गेला.

मी कंपनीत गेलो. साहेबांनी दार लावून घेतलं. "शेठ, फार वाईट झालं. ही खोड आम्हाला माहीत होती, त्याची वॉर्निंग लिहिलेली होती. पण तुमच्या पुस्तकात आली नाही. आमच्या रायटरने फिल्टर चुकवला. माणूस जरा विक्षिप्त आहे, तुम्हाला काय सांगू."

मला काय सांगायची गरज नव्हती. माझ्याच छपराखाली राहत होता.

मी घरी आलो आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ओरडायला सुरुवात केली. खालचे, समोरचे, सगळे बाहेर आले. मास्तर दारात उभे राहिले. माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "शेठ, हे मला सांगताय की खालच्यांना?"

मी त्यांच्या अंगावरच जाणार होतो. आईने माझा दंड धरला. मास्तर म्हणाले, "मला सांगत असाल तर आत या. एकच गोष्ट विचारतो. पंपाच्या पाटीवर ओल्या हाताचं वाक्य किती पाट्यांवर होतं?"

"तिन्हीवर."

"मग काट्याचं वाक्य मी चिठ्ठी लावून लिहीन का? ते बिनचिठ्ठीचं होतं. बिनचिठ्ठीचं वाक्य चुकून गळत नाही, शेठ. विसरभोळेपणाने गळत नाही. ते गळायला कोणीतरी बसून त्याला चिठ्ठी लावावी लागते."

"कुठली चिठ्ठी?"

"ते मला उद्या कळेल," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांना त्यांच्या कॉम्प्युटरजवळ बसू दिलं नाही.

कळलं ते इकबालभाईंकडून. इकबालभाई पनवेलचेच, मस्कतला बंदरावर फोर्कलिफ्ट चालवतात, हरेशचा जुना दोस्त. सुट्टीवर आले तसे जासईला हरेशला बघायला गेले. मीही तिथे होतो. पायाला बांधलेलं बघून ते खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "पण यार, तू काट्याखाली पाय घातलास कसा? तुझ्यासारखा आदमी. पट्टीवर लिहिलेलं नाही का?"

हरेश म्हणाला, "कंची पट्टी?"

"लाल पट्टी. सीटच्या समोर. आमच्याकडे हीच मशीन आहे, इथलीच, तळोज्याची. तेल गरम असताना काटे वर ठेवून इंजिन बंद करू नका. इंग्लिश, अरबी आणि हिंदीत."

"हिंदीत?" मी विचारलं.

"मग? तिथे चालवतं कोण, शेठ? आपलीच माणसं. अरब थोडेच चालवतात."

परत गेल्यावर त्यांनी त्या पट्टीचा फोटो पाठवला. तेच वाक्य. मास्तरांचंच, मी त्यांची वाक्यं ओळखायला लागलो होतो. छोटं, आणि कारण सांगणारं. त्याला चिठ्ठी लावली होती ती निर्यातीची. परदेशातलं गिऱ्हाईक पट्टी नसेल तर माल घेत नाही, म्हणून तिथे वाक्य गेलं. इथल्या गिऱ्हाइकाने वाचलं असतं तर विचारलं असतं, की काटे पडतात तर यंत्र घेऊ कशाला? म्हणून इथे गाळलं. इथलाच माणूस मस्कतला जाऊन चालवेल तर त्याला सांगायचं, जासईला चालवेल तर नाही सांगायचं.

मी फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, "शेठ, एक्स्पोर्टचं पॅकेज वेगळं असतं. त्याची किंमत वेगळी. तुम्ही किती भाव पाडलात आठवा. तुम्ही घेतलंत ते डोमेस्टिक पॅकेज."

मी आयुष्यात पुष्कळ अपमान ऐकले आहेत. हातगाडीवाल्याला ते फुकट मिळतात. पण माझ्या भाव करण्याचा असा हिशेब कोणी लावला नव्हता. मी म्हटलं, "साहेब, भाव मी लोखंडाचा पाडला. पायाचा भाव आपल्यात बोललाच गेला नव्हता. बोलला असतात तर मी दारातून परत आलो नसतो."

मग त्यांनी दुसरा माल पुढे ठेवला. हरेशला मदत, मला तसंच नवीन यंत्र, त्यावर लाल पट्टी लावून, काही न घेता. मी फक्त एका कागदावर सही करायची की अपघात लेखनिकाच्या चुकीमुळे झाला आणि माझी तक्रार नाही. मी कागद वाचला. फुकट मिळत असलेली वस्तू मी त्याआधी कधी सोडली नव्हती. कागद तसाच ठेवून मी उठलो. या वेळी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी परत बोलावलं, तरी वळलो नाही.

हरेशला सांगितलं. मला वाटलं चिडेल, मदत त्याची होती. तो म्हणाला, "बरं केलंस, दाजी. गालनीकाकांचं नाव त्यात घालून मना काय नको."

मास्तरांनाही कंपनीने एक कागद दिला होता. चूक कबूल करा, बदली करू, नोकरी राहील. माफीची तीन पत्रं लिहायची होती: वरच्या साहेबांसाठी एक, ज्यात सगळं खरं, हरेशसाठी एक, ज्यात नुसती सहानुभूती, आणि इतर गिऱ्हाइकांसाठी एक, ज्यात काट्याचा उल्लेखच नाही. म्हणजे अगदी त्यांच्याच धंद्यातलं काम. या माणसाने जन्मभर एका मजकुरातून दहा पुस्तकं काढली, त्याला तीन पत्रं म्हणजे काय, बटण दाबायचा अवकाश.

त्यांनी एकच पत्र लिहिलं. त्यात वाक्याला चिठ्ठी कोणाच्या सांगण्यावरून लागली हे विचारलं होतं, आणि ज्या ज्या गिऱ्हाइकाकडे हे यंत्र आहे त्या प्रत्येकाला काट्याचं वाक्य आजच पाठवा, असं लिहिलं होतं. वर, जिथे नेहमी 'कोणासाठी' असायचं तिथे, 'सर्वांसाठी'. साहेब म्हणाले, हे असं सगळ्यांना एकच पाठवता येणार नाही, जरा गाळून द्या. मास्तर म्हणाले, "चहा गाळून देतो, साहेब. नाव नाही."

त्यांना त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. तळोज्यात बातमी पसरली ती मात्र गाळून पसरली: फिल्टर चुकवणारा माणूस, त्याच्या चुकीने एकाचा पाय गेला. पुढे ज्या कंपनीत गेले तिथे हे त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. त्यांनी कुठेही वाद घातला नाही. मी विचारलं, तोंड का उघडत नाही? म्हणाले, "मुलाखत घेणारा विचारतो, आधीची नोकरी का सोडली. त्याच्यासाठी जेवढं उत्तर असतं तेवढं मी देतो. त्याला काटे, मस्कत, हरेश कशाला?" इथे मला त्यांचा राग येतो, अजून येतो. सगळ्यांच्या जिवाचं वाक्य बिनचिठ्ठीचं आणि स्वतःच्या अब्रूचं तेवढं चिठ्ठी लावून आत ठेवलेलं. मी त्यांना तसं सुनावलंही. ते म्हणाले, "तुम्ही आहात की, शेठ. तुमचा आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीपासून सगळ्यांना जातो."

खोली सोडताना पंपाच्या पाट्यांवरची धूळ नीट पुसून गेले. आईच्या पायाही पडले. आई म्हणाली, "परत ये रं, गालनी." आता मिरजेला बहिणीकडे असतात. फोन केला की नमस्काराच्या आधी विचारतात, "स्पीकरवर आहे का?" मी मुद्दाम हो म्हणतो. मग ते फक्त हवापाण्याचं बोलतात.

हरेश जासईच्या वजनकाट्यावर पावत्या फाडतो. त्याच्या खिडकीसमोरून त्या जातीच्या फोर्कलिफ्ट रोज जातात. त्याच्या यार्डातल्या प्रत्येकीवर आता लाल पट्टी आहे, कंपनीने लावलेली नाही, मी लावलेली आहे. पनवेलला छापून घेतली, मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं, मराठीत. जासईपासून पळस्प्यापर्यंत ज्या यार्डात मला आत घेतात तिथे मी स्वतः जाऊन चिकटवतो. जिथे घेत नाहीत तिथे फाटकाबाहेर उभा राहून चालकांना वाचून दाखवतो. वॉचमन म्हणतात, शेठ, काम नाही का? आहे. हेच आहे.

ते साहेब अजून त्याच केबिनमध्ये बसतात. त्यांना मी तोंडी विचारलं, लिहून विचारलं, वकिलाकडून विचारलं. प्रत्येक वेळी ज्याला जेवढं द्यायचं तेवढंच उत्तर आलं. म्हणून आता इथे विचारतो, जिथे कोणीही वाचू शकतो. त्या वाक्याला चिठ्ठी कोणी लावली, ते नाव सांगा. मस्कतला गेलेल्या पनवेलकराचा पाय आणि जासईत राहिलेल्याचा पाय यांत तुम्हाला काय फरक दिसला, ते सांगा. आणि उत्तर मला पाठवू नका, हरेशला वेगळं आणि मास्तरांना वेगळं पाठवू नका. एकच लिहा, आणि सगळ्यांना द्या.